माशांना नवा नंबर कसा कळवायचा?

तीर्थरूप वन्संना धाकट्या भावजयीचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करताय, की व्यायामाचा कागद उशाखाली ठेवून झोपताय? मी ठणठणीत आहे. घर बंद कर, फोन काढून टाक आणि माझ्याकडे कायमची राहायला ये, असं तुम्ही पुन्हा लिहिलंत. त्यातली माया मला कळते. पण वन्सं, अडचण फोनची आहे.

तुमच्या भावाने हयातभर मासे पकडले, त्यांच्या पाठीत टॅग (म्हणजे नंबर छापलेली प्लॅस्टिकची बारीक पट्टी) खोचला आणि ते परत समुद्रात सोडले. (सासूबाई म्हणायच्या, सोडायचेच होते तर पकडायला गेलास कशाला?) पुढे तो मासा ज्याला मिळेल त्याने फोन करून सांगायचं, कुठे पकडला, केवढा झाला. त्यावरून मासे कुठून कुठे जातात, किती वाढतात, हे समजतं. यांच्या संशोधन संस्थेच्या ऑफिसातला फोन कुणी उचलत नाही, म्हणून यांनी टॅगवर घरचा नंबर छापून घेतला. हे जाऊन दोन वर्षं झाली. टॅग अजून पोहताहेत. फोन काढला तर माशांना नवा नंबर कळवायचा कसा?

तर फोन येतात, आणि नेमके मी अंगाला साबण लावला की येतात. मासा तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मोजायचा असतो, टोकापर्यंत नाही (टोकं झिजतात). एका गृहस्थांकडे मोजपट्टी नव्हती. त्यांनी मासा छत्रीला लावून खूण केली, मासा खाल्ला आणि भर उन्हात ती छत्री मिटलेली घेऊन घरी आले. मी छत्री मोजली. दुसरा आमचा टोपीवाला मासळीविक्या. टॅग कळवणाऱ्याला संस्थेकडून एक टोपी मिळते, ती माझ्याकडूनच न्यायची (लांबच्यांना मी टपालाने पाठवते). याने मेहुण्यांसाठी एकच टॅग तीनदा कळवला आणि दर वेळी मासा आखूड होत गेला. हे कसं, विचारलं तर म्हणतो, "बाई, वय झालं की सगळेच आक्रसतात." रागवायचं ठरवलं होतं, पण हसूच आलं.

मोठा घोटाळा मात्र माझ्याच हातून झाला. चष्मेवाली तुम्हाला आठवत असेल. यांची विद्यार्थिनी, हे गेले त्या दिवसांत आपल्याकडे येऊन न सांगता सगळ्यांचे कप विसळत होती ती. आता हे काम तीच बघते. एका हॉटेलातल्या आचाऱ्याचा फोन आला. मी विचारलं, कुठून बोलताय? त्याने पार वरच्या किनाऱ्यावरच्या एका बंदराचं नाव सांगितलं, मी तेच लिहून दिलं. मासा सोडून जेमतेम आठवडा झालेला! एवढ्यात एवढ्या लांब, तेही प्रवाहाच्या उलट? चष्मेवालीने नकाशावर लांबलचक लाल बाण काढला. तिचे वरिष्ठ येऊन मान डोलावून गेले. खोल पाण्यात आजवर न सापडलेला प्रवाह असणार म्हणाले. दोन दिवस मीही हवेत होते. मग टोपी कुठे अडकली हे विचारायला आचाऱ्याचा पुन्हा फोन आला. मी सहज म्हटलं, तिकडे समुद्र कसा आहे हो? तो म्हणाला, "मला काय ठाऊक? मासा ट्रकमधून आला, बर्फात घालून."

पकडला कुठे, हे मी विचारलंच नव्हतं. चष्मेवालीने बाण खोडला आणि इतकी हसली की चष्मा काढून ठेवावा लागला. म्हणाली, "काकू, सर असते तर त्यांनी बाण खोडला नसता, खाली ट्रक काढला असता." खरंच काढला असता. 

एरवी माझं छान चाललंय. यांची पुस्तकं पूर्वी नुसती झटकायचे, आता वाचते. निम्मं कळतं. यांचे टॅग पिवळे, चष्मेवालीचे नारिंगी (नंबर तिनेही आपल्या घरचाच ठेवलाय). फोन आला की मी आधी रंग विचारते (तो संस्थेने दिलेल्या प्रश्नांच्या कागदावर नाही, माझा आहे). पिवळे आता क्वचित येतात. परवा एक आला, सोडला होता त्याहून चार बोटं वाढलेला. यांच्या हातून सुटल्यावर खाऊनपिऊन सुखात राहिला म्हणायचा. दिवसभर बरं वाटलं. (शेवटी त्याला कुणीतरी खाल्लं, ते असो.)

गुडघ्याला जपा.

तुमची,
धाकटी

ता. क. राहायला येण्याचं उत्तर राहिलंच. चष्मेवाली मला पंधरा दिवस बोटीवर नेते आहे, टॅग लावायला. हे इतकी वर्षं बोलवायचे, पण फोन कोण उचलणार, म्हणून मी एकदाही गेले नाही. तेव्हा वन्सं, तुम्हीच इकडे या. फोन खुर्चीच्या हाताशी आहे, गुडघा वाकवावा लागणार नाही.

ता. क. टोप्या कपाटात आहेत. टोपीवाला चौथा मेहुणा सांगेल, ऐकू नका.

ता. क. आधी रंग विचारा. नारिंगी असेल तर नुसतं लिहून ठेवा. पिवळा असेल तर चष्मेवालीच्या ऑफिसात कुणी उचलेपर्यंत फोन करा आणि तिथून बोटीवर लगेच निरोप धाडा. मी झोपले असले तरी उठवा म्हणावं.