लग्नाआधीचं ‘अहो’

...आणि गादी जिन्याच्या वळणावर अडकली. मी खाली, गादी माझ्या डोक्यावर, आणि वरून कुणीतरी ती ओढायला लागलं. रिकाम्या खोलीत कोण असेल? मान वाकडी करून पाहिलं. होणारा जावई. बनियनवर, तोंडात दात घासायचा ब्रश.

तर तीर्थस्वरूप दादा, सलाम. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? आम्ही आज सकाळपर्यंत ठीक होतो.

खोली मुलीनं आणि त्यानं लग्नानंतरसाठी घेतलेली. गादी माझ्याकडून आहेर. (स्वतः भरली. इतकी टिकाऊ मी दुकानात विकत नाही. पुन्हा गिऱ्हाईक येणारच नाही.) गुपचूप अंथरून यावं, एवढाच बेत होता. जावई काहीतरी बोलला, ब्रशमुळे कळलं नाही. तेवढ्यात आतून मुलीचा आवाज आला, “अहो, कोण आलंय?”

‘अहो’, दादा! कालपर्यंत ती त्याला ‘अरे’ म्हणत होती. बनियन पाहून मी सावरलो असतो. ‘अहो’ ऐकून माझे हात सुटले. गादी घरंगळत खालच्या शिंप्याच्या दारात गेली.

मुलगी बाहेर आली. केस ओले. “तुझी रात्रपाळी होती ना?” मी विचारलं. “बदलून घेतली,” ती म्हणाली. (इस्पितळात असं करता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.)

मग मी तिथेच, जिन्यात, सगळं सांगितलं. शरीर देवाचं मंदिर आहे. लग्नाबाहेर जे होतं ते पाप. चर्चच्या तरुणांच्या वर्गात मी हाच धडा घेतो, तुला माहीत आहे. तिलाही पाठ आहे, म्हणून माझं वाक्य अडलं तिथे तिनं पुरं केलं. वर म्हणाली, “बाबा, तुम्हीच शिकवलंत ना, देवापुढे वचन दिलं की ते लग्न? आम्ही दिलंय.”

“पाळकासमोर द्यायचं!”

“देव वाट बघतो का पाळकांची?”

जावयानं ब्रश काढला. “बाबा, चर्चमध्ये तीन रविवार आमची नावं पुकारायची होती. दोन रविवार झाले, कुणाची हरकत आली नाही. एकच उरलाय.”

दादा, मी हिशेब करू लागलो. दोन तृतीयांश नवरा-बायको, म्हणजे पाप एक तृतीयांश? शास्त्रात अशी वाटणी आहे का? मला तर कुठे आढळली नाही. पाप म्हणजे पाप. गादीत एक खडा राहिला तरी अंगाला टोचतोच.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी चिरत होती. म्हणाली, “गादी पोचली ना?” या घरात धक्का बसायला मी एकटाच उरलोय.

खरी धास्ती पुढेच आहे. पाळक म्हणून लग्न तूच लावणार. शपथेआधी सगळ्या मंडळींसमोर ‘आजवर पवित्र राहिलात का?’ असं तू विचारतोसच. (पावलागणिक पोटावर झग्याची शिवण उसवत असताना बेकरीवाल्याची लेक खणखणीत ‘हो’ म्हणाली होती.) आमची म्हणते, “काकांनी विचारलं तर खरं ते सांगेन.” आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “शाब्बास.”

तू कडक राहा. धर्माच्या कामात नातं आणू नकोस. वहिनींना सलाम.

तुझा धाकटा

ता. क. या वेळी तो प्रश्न विसरलास तर? माणूस विसरतो. तुझं वयही झालंय.

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी. मुलगी येऊन पत्र वाचून गेली. म्हणाली, “विचारू द्या काकांना. मला लाज नाही वाटत, तुम्हाला का वाटावी?” नंतर कामावर गेली. वरचा ता. क. मी खोडला आहे. वाचता येईल इतपतच खोडला आहे.