खरं होतं म्हणून

आई, त्या मावशी गेल्या. ठाण्याला आपल्या चाळीमागच्या गल्लीत ब्लाउज शिवायच्या आणि दर शनिवारी शब्बाथला सिनेगॉगमध्ये तुझ्या शेजारी बसायच्या, त्या. त्यांचं नाव इथेही लिहीत नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी सांगावी असं तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. दादा आणि धाकटी कधीचे इस्रायलला गेले. त्यांना मावशी आठवतही नसतील.

मी नववीत होते. मावशी प्रार्थनेचं पुस्तक दोन्ही हातांत धरून ओठ हलवत बसायच्या. तू पान उलटलंस की त्याही उलटायच्या. एका शनिवारी त्यांच्या हातातलं पुस्तक उलटं होतं. हिब्रू सोडच, त्याखाली मराठीत छापलेलंही त्यांना वाचता येत नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मला त्याची इतकी गंमत वाटली की बाहेर अंगणात मी मैत्रिणींना सांगितलं, ओठ हलवून नक्कलही केली. त्या हसल्या, आणि आपापल्या घरी जाऊन त्यांनी ते सांगितलं. पुढच्या शनिवारी मागच्या बाकावरची एक बाई मावशींना म्हणाली, पुस्तक सरळ आहे ना, एकदा बघून घ्या. मावशी प्रार्थना संपेपर्यंत बसल्या, पुस्तक बाकावर ठेवलं आणि निघाल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत.

तू स्वयंपाकघरात माशाच्या कालवणासाठी नारळाचं दूध काढतेयस. मी दारात उभी आहे. कोणी सांगितलं, हे तुला कळलेलं आहे, तरी तू विचारतेस. मी म्हणते, "मी खोटं थोडंच बोलले?"

तू हात थांबवत नाहीस. "खोटं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं. खरं होतं, म्हणून त्यांना बोलायला जागाच उरली नाही."

मग तू सांगितलंस की असं दुसऱ्याचं उणं चारचौघांत सांगण्याला लाशोन हारा म्हणतात, आणि ते खरं असलं तरी पाप सुटत नाही. सांगणारा, ऐकणारा आणि ज्याच्याबद्दल सांगितलं तो, तिघांचंही त्यात नुकसान होतं. तुला सगळं आधीपासून माहीत होतं, हेही तेव्हाच कळलं. सहा वर्षं तू मुद्दाम त्यांच्या शेजारी बसत होतीस आणि त्यांना दिसावं म्हणून पानं सावकाश उलटत होतीस. त्यांनी तुला कधी सांगितलं नाही आणि तू कधी विचारलं नाहीस. किप्पूरचा, पापांची माफी मागायचा उपास आठवड्यावर आला होता. तू म्हणालीस, "उपासाने देवाचा अपराध फिटतो. माणसाचा माणसाकडे जाऊनच फेडावा लागतो. जाऊन माफी माग त्यांची."

मी गल्लीपर्यंत गेले. आतून मशीनचा आवाज येत होता. मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत फिरले. संध्याकाळी तू विचारलंस तेव्हा जाऊन आले म्हणून सांगितलं. त्या काय म्हणाल्या विचारलंस, तर म्हटलं, काही नाही, चहा दिला. तू माझ्या केसांवरून हात फिरवलास. तुझा चेहरा इतका मोकळा झाला होता की नंतर खरं सांगायचं धाडसच झालं नाही. आई, मी आत गेलेच नव्हते. हे तुला न कळताच तू गेलीस.

तू हॉस्पिटलात नर्स होतीस. कुणाच्या घरात काय चाललंय, हे अर्ध्या ठाण्याचं तुला माहीत असायचं. तू नळावर आलीस की बायकांच्या गप्पा थांबायच्या. मला वाटायचं, तुझा मान ठेवतात. आता वाटतं, तुझ्याकडून त्यांना काहीच मिळत नव्हतं, म्हणून त्या तुला आपल्यात घेत नव्हत्या. तू बादली भरून गुपचूप वर यायचीस. कुणाशी बोलायचीस गं तू?

लग्नानंतर मी डोंबिवलीला आले. पुढे मावशीही भाच्याकडे तिथेच राहायला आल्या. एकदा भाजी घेताना दिसल्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण ओळखता आल्या. मी रस्ता ओलांडून औषधांच्या दुकानात शिरले आणि नको असलेली गोळ्यांची पाकिटं बघत उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं होतं की नाही, अजून माहीत नाही.

परवा त्यांना ठाण्याच्या आपल्या कबरस्तानात नेलं. तू म्हणायचीस, ज्याची माफी मागायची तोच गेला तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि सगळ्यांदेखत कबूल करायचं. हल्ली प्रार्थनेला लागणारे दहा जण जमवतानाही फोन करत बसावं लागतं. परवा मोजून अकरा होते. माती लोटून झाली तेव्हा मी पुढे झाले आणि म्हणाले, "मी यांची अपराधी आहे." भाच्याने विचारलं, काय झालं होतं? सगळे माझ्याकडे बघत होते. ते सांगायचं तर त्यांना वाचता येत नव्हतं, हेही सांगावं लागलं असतं. त्याला ते ठाऊक आहे की नाही, मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, ते मावशींना माहीत होतं. तो आणखी काही विचारेना. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मान हलवली आणि सगळे फाटकाकडे निघाले. एवढ्याने फिटतं का, हे विचारायला तू हवी होतीस.

घरी परतले तर बिल्डिंगखाली चौघी बसल्या होत्या. हे गेल्यापासून मी त्यांच्यात फारशी थांबत नाही. एकीने खुर्ची सरकवली, चहा दिला. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेबद्दल चाललं होतं, ती रात्री किती वाजता येते, कोण सोडायला येतं. मी काही बोलले नाही. पण उठलेही नाही. ऐकणाऱ्यालाही तेवढंच पाप लागतं, हे मला तिथे बसल्याबसल्या आठवत होतं. भाच्याचा तो प्रश्न सोडला तर दिवसभरात माझ्याकडे वळून कोणी बोललं असेल तर त्या चौघीच. दिवे लागेपर्यंत मी बसून राहिले, आई, आणि मला बरं वाटत होतं.