दोन कोरी पानं

प्रिय केझाया आत्या,

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमच्याकडे मका कंबरेएवढा आला असेल. मी बरा आहे. फक्त गेल्या महिन्यापासून लोक मला देवमाणूस समजू लागलेत.

त्याचं असं झालं. माझ्या नव्या कादंबरीच्या शेवटी एक म्हातारी नवऱ्याच्या थडग्यापाशी प्रार्थना म्हणते. (ती प्रार्थना तुझीच, बाबांना पुरलं तेव्हा तू म्हटलेली. विचारायचं राहून गेलं.) छापखान्याच्या चुकीने नेमकी तीच दोन पानं कोरी राहिली. मी आरडाओरडा करणार, तोवर परीक्षणं आली: आजच्या अमेरिकन साहित्यात देवाचं मौन इतक्या धीटपणे कुणी मांडलंच नव्हतं म्हणे! बावीस वर्षांत मी प्रार्थनेला गेलेलो नाही (लग्नं सोडून, तीही जेवणासाठी), तरी ओहायोतल्या एका कॉलेजाने मला 'आजची कादंबरी आणि श्रद्धा' यावर बोलायला बोलावलं.

दुपारची वेळ. उंच खिडक्यांतून पिवळं ऊन तरंगत होतं. धर्मशास्त्राचे एक प्राध्यापक पहिल्या पानावरचं मौन दुसऱ्या पानावरच्या मौनापेक्षा खोल कसं, ते समजावत होते, आणि मी अर्धवट गुंगीत ठरवत होतो की उठून खरं काय ते सांगून टाकायचं. उठलोही. तेवढ्यात मागच्या रांगेत एक शेतकरी टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"साहेब, बायको अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तुमचं पुस्तक वाचून दाखवलं तिला. शेवटी पानं कोरी निघाली. मी थांबलो, तर म्हणाली, 'थांबतोस काय? वाच की.' मग बसलो दोघं तसेच. पुढे रोज बसायचो. ती जाईपर्यंत. बस, एवढंच सांगायचं होतं."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. किती वेळ गेला कोण जाणे. उन्हात धूळ सावकाश खाली उतरत होती, आणि मला वाटलं, बाबा शेजारच्या खुर्चीत येऊन बसलेत, बुटांना चिखल तसाच. (इतकं प्रभावी व्याख्यान आजवर ऐकलं नव्हतं, असं प्राध्यापक नंतर माझा हात दाबून म्हणाले.)

तुझा,
एल्डन

ता. क. दुसरी आवृत्ती निघतेय. त्यात प्रार्थना घालायची का, असं प्रकाशकांनी विचारलं. मी नको म्हणालो. तुझी वस्तू तुझ्याकडेच राहू दे.

आणखी एक. येत्या रविवारी मी येतोय. तुम्ही क्वेकर मंडळी सकाळी प्रार्थना म्हणून एकत्र गप्प बसता ना, तिथे तुझ्या बाकावर मला जागा धर.

गैरसमज नको. श्रद्धा वगैरे काही नाही, पुढची कादंबरी अडलीय. माझे डोळे मिटलेले दिसले तर झोपलोय असं समज, आणि उठवू नकोस.