माणसांना बंद

ता. ४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

चिडले आहे, म्हणून ख्यालीखुशाली शेवटी. आतल्या गुहेच्या तोंडाला पत्र्याचं दार बसवायची ऑर्डर तुम्ही घेतलीत? ठेकेदार म्हणून तुमचं नाव मी सुचवलं ते यासाठी? आत वटवाघळांची पिल्लं आहेत, भिंतीवर हजारो वर्षांपूर्वीच्या हातांचे ठसे आहेत. हवा कोंडली की दोन्ही संपलं. म्हणून तर मी नकाशात आडव्या गजांचं दार आखलं, लाकडी वाट स्वतःच्या पायांवर उभी केली. खडकाला एक खिळा नाही. गुहा समितीचे अध्यक्ष विचारतात, एवढा खर्च करून दिसणार काय? गुहा दिसेल, म्हटलं. तर हसले! उद्या राजीनामा देते. मामींना नमस्कार. लोभ आहेच, सध्या रुसलाय.

तुमची भाची


ता. ८ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

पत्राने चटका बसला. मामी म्हणाली, राग तुमच्याच घरचा, आता भोगा.

ऑर्डर घेतली नाही, अडवून धरली आहे. अध्यक्षांनी तुझाच नकाशा माझ्या नाकासमोर नाचवला. त्यावर तुझ्या अक्षरात : 'आतली गुहा बंद'. म्हणाले, तुमच्याच भाचीने बंद म्हटलंय, ठोका पत्रा. माझंही डोकं सणकलं, पण कान शाबूत होते. मी वळताच ते मुकादमाला म्हणाले, पोरगी तणतणत निघून गेली की नकाशा आपलाच. दे आता राजीनामा, आणि घाल हार त्यांच्या गळ्यात! त्यापेक्षा तो एक शब्द नीट कर, सही ठोक, मग घसा बसेपर्यंत भांड. माया पातळ होऊ देऊ नकोस.

मामा


ता. १५ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

राजीनामा फाडला. भर बैठकीत नकाशावर 'बंद'च्या अलीकडे लिहिलं : 'माणसांना'. खाली सही. समितीच्या बाकीच्यांनी तोच नकाशा मंजूर केला. अध्यक्ष टेबलावर हात आपटून म्हणाले, मग पाहुण्यांनी यायचं कशाला? म्हटलं, पाहुण्यासारखं यायला. उंबऱ्यावरून बघायचं आणि निघायचं. तुमच्यावरचा रुसवा तेवढा गेला.

ठिणगी


ता. २ एप्रिल

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

गज बसले. संध्याकाळी बाहेर दगडावर बसून कान लावला. वटवाघळांचा लोंढाच्या लोंढा बाहेर पडला. गजाला एक पंख लागल्याचा आवाज नाही.

तेवढ्यात अध्यक्ष चार पाहुणे घेऊन हजर. कुलूप उघडा म्हणाले. मी दारावर लावलेल्या पाटीकडे बोट केलं : 'माणसांना बंद'. लाल होऊन ओरडले, मी अध्यक्ष आहे! म्हटलं, साहेब, तुम्ही वटवाघूळ असता तर अडवलं नसतं.

आता ठेका जाईल बहुतेक. गज मात्र जात नाहीत; मी बसवलेत. जेवायला ये, राग घेऊनच ये.

मामा