तुझं काढ्याचं मडकं

प्रिय शुइमेई,

हे पत्र चार दारं ओलांडून येणार आहे, त्यावर तिकीट शोधू नकोस. नऊ वर्षांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी आपण दोघींनी शपथ घेतली होती, जी आधी बोलेल ती कुत्री. मी बोलत नाहीये. मी सुनेला सांगते आहे आणि ती लिहिते आहे. तू नातीकडून वाचून घे. ऐकताना कपाळाला आठ्या घालशील, त्या मला इथून दिसतात.

आधी बातम्या. आमच्या बदकीने अंडी घालणं सोडलं. औयांग वैद्यांना ऐकू येईनासं झालं, पण नाडी अजून बघतात, आणि नाडीवरून काल मी खारवलेला मुळा खाल्ला हेही सांगतात. सून म्हणते, दातात अडकलेला दिसला असेल.

त्यांच्याकडे मला तूच नेलंस. दम्याने मी अशी शिट्टी वाजवत होते की तुझा नवरा आ-फू चहाची किटली उतरवायला धावला होता. वैद्यांनी काड्या, सालं, कडू जर्दाळूच्या बिया कागदात बांधून दिल्या आणि तू तुझं मातीचं मडकं आणून माझ्या चुलीवर ठेवलंस. हिवाळ्यातला दमा उन्हाळ्यातच मोडायचा असतो म्हणून ऐन उन्हाळ्यात माझ्या पाठीवर मोहरीचा लेप थापलास आणि "हलू नकोस गं म्हशी!" म्हणत पंख्याने वारा घालत बसलीस. काढा जास्त कडू की तुझी जीभ, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण दोन हिवाळ्यांनी मी चहाच्या मळ्यापर्यंत न थांबता चढले, हे खरं.

मग तो काढ्याचा चोथा. रिवाजाप्रमाणे मी तो रस्त्यावर टाकला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी आजार तुडवला जावा म्हणून. तुझ्या दारासमोर जरा जास्त पडला, कबूल. आ-फूचा त्यावर पाय पडला आणि आठवड्यात तो खोकायला लागला. तू ओरडलीस, "माझ्या नवऱ्याला दमा चिकटवलास!" मी म्हटलं, "दिवसाला चाळीस सिगरेटी ओढतो, त्या काय मी टाकल्या?" दोघीही मनापासून बोललो, म्हणून तर भांडण मिटलं नाही.

आता मुद्द्याचं. गेले पंधरा दिवस सकाळी भाजीला जाताना तुझ्या खिडकीतून ती शिट्टी ऐकू येते. मी ओळखते ती, शुइमेई. ती किटली नाही.

तुझं मडकं माझ्याकडेच आहे. मी ते आणून देऊ शकत नाही, तुला माहीत आहे. काढ्याचं मडकं परत नेऊन देणं म्हणजे दारात आजार नेऊन ठेवणं. ज्याचं असेल त्यानेच गरज पडली की न्यायला यावं. नऊ वर्षं तू आली नाहीस म्हणून मी तुला शिव्या घातल्या, आणि आली नाहीस म्हणजे ठणठणीत आहेस म्हणून उदबत्तीही लावली. बाजारात नवं मिळतं, विजेवर चालणारं, बटणाचंसुद्धा मिळतं. घेतलंस तर खबरदार. मी तुझं घासून, मुठीला तार गुंडाळून, चुलीपाशी ठेवलं आहे. इस्पितळातून पंप दिला असेल तर सोबत आण, मीही माझा सोडलेला नाही. आधी वैद्यांकडे जाऊ, मग काढा ठेवू. त्याला तासभर लागतो. स्टुलं दोन मांडली आहेत. बोलायचं नसेल तर नको बोलूस, नुसती खोक. खोकल्याला बोलणं म्हणत नाहीत.

तुझीच,
अजूनही आधी न बोललेली
यिनदी