टोल्यूइनचा कॅन

नरोली, सिल्वासा
१८ नोव्हेंबर १९९६

प्रिय सुका,

वाल्मिक दिवाळी करून गावाहून परतला आणि चहा पिता पिता सांगून गेला, की तू पान्यांची पेटी विकायला काढली आहेस. पारोळ्याचा कुणी ट्रॅक्टरवाला येत्या बाजारच्या दिवशी ती उचलणार म्हणे. म्हणून आज पॅकिंगमधली पाळी संपल्याबरोबर लिहायला बसले. पत्र शेवटपर्यंत वाच, मग पेटीचं ठरव. मधेच पिठाच्या गिरणीचा पट्टा बदलायला उठू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे.

इकडे आम्ही मजेत. गुड्डी तिसरीत गेली. दुकानदाराशी मी अडखळले की ती पुढे होऊन गुजरातीत भाव करते. गलोंड्याच्या रस्त्याला आणखी दोन कारखाने उभे राहिले. तुझ्या गॅरेजच्या जागी टायरवाला बसतो, पण तुझा फळा त्याने अजून काढलेला नाही. ‘पेट्रोल तपासल्याशिवाय टर्बोला हात लावणार नाही.’ पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं होतंस, म्हणून टिकलंय.

त्या फळ्याची किती चेष्टा झाली! आमचे मधुकरशेठ, ज्यांच्या रंगाच्या कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळायची, ते तर म्हणायचे, “सुकदेवभाई, तुम्ही मेकॅनिक की सासू? सून माहेराहून काय घेऊन आली ते हुंगून बघता!” तू हसायचास आणि म्हणायचास, “शेठ, साधी गाडी खराब पेट्रोल पिऊन खोकते. टर्बोवाली मरते.” टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, मग हलकं पेट्रोल धड जळत नाही, भलत्या वेळी भडकतं आणि त्याचा दणका पिस्टनच्या माथ्यावर बसतो, हे तू मला जेवताना भाकरीवर बोट आपटून समजावलं होतंस. भाकरीला भोक पडलं आणि तू म्हणालास, “आक्का, हे असं.”

शेठनी ती जपानी गाडी नाशिकच्या रॅलीसाठी घेतली, तेव्हा अख्ख्या सिल्वासात तिच्या टर्बोला हात घालायची हिंमत तुझ्याशिवाय कुणाला नव्हती. आधी तू टर्बोचा दाब वाढवलाच नाहीस. पंधरा दिवस नुसतं पेट्रोल तपासत फिरलास. काचेची बाटली, माझ्या प्रयोगशाळेतलं घनता मोजायचं हायड्रोमीटर आणि गाळणकागद. थेंब वाळला आणि कागदावर डाग राहिला, की त्या पंपाला रामराम. शेवटी एक पंप पसंत पडला, पण आपल्याकडचं पेट्रोल चांगलं असलं तरी तेवढ्या दाबाला पुरणारं नव्हतं. त्यात रंग पातळ करायचं टोल्यूइन मिसळलं तर ते दणका सोसेल, हा हिशेब आपण दोघांनी ओट्यावर बसून केला. रंगाच्या कारखान्यात टोल्यूइनला काय तोटा! शेठनी चिठ्ठी दिली आणि मी कॅन भरून आणला. आठ भाग पेट्रोल, दोन भाग टोल्यूइन. मापं तू दोनदा घेतलीस.

रॅलीआधीच्या चाचणीत खानवेलच्या चढावर काय झालं ते तुला मी काय सांगू! मागच्या सीटवर मी होते. कढईत फुटाणे उडावेत तसा आवाज सुरू झाला आणि तू ओरडलास, “शेठ, पाय काढा!” शेठ म्हणाले, “अरे, आत्ता तर मजा येतेय.” पुढच्या वळणाला धूर. तिसऱ्या पिस्टनला करंगळी जाईल एवढं भोक. दुसऱ्या दिवशी नाक्यावर सगळे एकच बोलत होते, गावठी मेकॅनिकने दाब वाढवला आणि लाखाचं इंजिन खाल्लं. “दाबाचा स्क्रू मीच फिरवला होता,” एवढंच तू म्हणालास आणि अमळनेरची गाडी धरलीस.

सुका, तुझा दाब बरोबर होता. तू गेल्यावर चौथ्या दिवशी मी कॅनच्या तळाशी राहिलेला माल नळीत घेऊन हायड्रोमीटर सोडलं. टोल्यूइन ०.८६ दाखवतं. ते ०.६८ वर थांबलं. पिंपं कमी पडली की आमच्याकडे टोल्यूइनच्या रिकाम्या पिंपात हेक्झेन ओततात आणि झाकणावर खडूची फुली मारतात. हेक्झेन दणका सोसत नाही, पेट्रोलच्याही आधी भडकतं. फुली पुसली गेली होती, पिंपाला वास जुन्या टोल्यूइनचाच होता. म्हणूनच तर प्रत्येक पिंप तपासूनच माल काढायचा, असा नियम आहे, आणि तो नियम माझ्याच हातचा. त्या दिवशी टँकर आला होता, मी घाईत होते, मी तपासलं नाही. तू पंपवाल्यांचं तपासलंस, शेठचं तपासलंस, फक्त आक्काने आणलेलं तपासलं नाहीस. अडीच वर्षं मी नोकरीला भिऊन गप्प बसले. परवा सकाळी शेठच्या टेबलावर प्रयोगशाळेची नोंदवही उघडून ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला प्रयोगशाळेतून काढून पॅकिंगला टाकलं. बरोबर केलं. खोक्यांना पट्ट्या मारते, जेवण गोड लागतं. मग शेठ म्हणाले, “जपानहून दुसरं इंजिन येतंय. बोलव त्याला.” तेव्हा ट्रॅक्टरवाल्याला नाही म्हण आणि पेटी घेऊन ये. पेट्रोल आणायला मीच जाईन. पण या खेपेला पहिली बाटली माझ्या हातातली तपास.

तुझीच,
कावेरी आक्का