काकूंचा फोटो पडद्यावर बघून काढला

मास्तर,

इतक्या उशिरा लिहितोय, राग मानू नका. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि मी एक ओळ लिहिली नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, त्यात तुमच्यासमोर तोंड उघडायची भीती, ती अजून गेलेली नाही. पण आता अशी गोष्ट झालीय की तुमच्या कानावर घातल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येणार नाही. काकूंचा फोटो काढला. तुमच्या शेजारी भिंतीवर लावायचा, तो. आणि डोळा काचेला न लावता काढला.

घाबरू नका, काकू बऱ्या आहेत. अठ्ठ्याऐंशी पूर्ण झाली, तरी स्वतःचा चहा स्वतः करतात. आपला स्टुडिओ होता तिथेच शनिवार पेठेत नवी इमारत झालीय, तिच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. दर मंगळवारी मी विश्रांतवाडीहून बसने त्यांच्याकडे जातो. दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी चहाचा कप पुढे करत त्या म्हणाल्या, "अरे, माझा हार घालायचा फोटो काढून ठेव. नाहीतर हे लोक आधारकार्डावरचा मोठा करतील." मी म्हटलं, काकू, असं अभद्र कशाला बोलता. तर भिंतीकडे बोट दाखवून म्हणतात, "यांचं काय झालं बघ. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढले आणि स्वतः पासबुकातले लटकलेत." तुमचा तो फोटो मोठा केला मीच. घाई होती, दुसरा सापडत नव्हता. कानाजवळ बँकेच्या शिक्क्याची कड आहे, ती ब्रशने झाकायला गेलो आणि तिथे डाग पडला. इतकी वर्षं दर मंगळवारी तो डाग माझ्याकडे बघतो. काकूंच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी मनात धरलं.

तुमचा नियम मी कधी मोडला नव्हता. खडकीला दोन वर्षं पेट्या उचलून बाविसाव्या वर्षी तुमच्याकडे आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्ही कॅमेरा उघडून आतला आरसा दाखवलात. आरसा खाली आहे तोवर आपल्याला दिसतं. बटण दाबलं की तो वर उचलला जातो, उजेड फिल्मवर पडतो आणि नेमकं तेवढ्यापुरतं आपल्यापुढे काळोख. फोटो निघतो तेव्हा काढणारा आंधळा असतो, म्हणून आधी बघून घ्यायचं, असं तुम्ही समजावलंत. मला ते डोक्यात शिरलं नाही. पुढे एका लग्नात घरच्यांचा ग्रुप फोटो मी काढला आणि तुम्ही विचारलंत, "काय दिसलं?" मी ऐटीत सांगितलं, नवऱ्यामुलाची आई काय छान हसली. तुम्ही भर मांडवात म्हणालात, "तुला दिसली ना? मग ती फोटोत नाही. परत काढ." फिल्म धुतल्यावर पाहिलं, पहिल्या फोटोत ती बाई खाली बघून पदर सारखा करत होती. त्यानंतर दर फोटोनंतर तुम्ही विचारायचात, मी म्हणायचो, काही नाही, आणि तुमची मान हलायची. शाबासकी काय ती तेवढीच.

फिल्म बंद झाली तेव्हा मी डिजिटल कॅमेरा घेतला, पण आरशाचाच घेतला. त्याच्या पाठीवर पडदा असतो, त्यावर बघूनही फोटो काढता येतो. मी तो कधी चालू केला नाही. काकूंना खुर्चीत बसवलं तेव्हाही डोळा काचेलाच लावला आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे त्यांच्या पापणीवर नेम धरून हाताने फोकस केला. अकरा फोटो काढले. घरी मुलीने ते कॉम्प्युटरवर उघडले. काकू पुसट होत्या. खुर्चीची वेताची पाठ मात्र एकेक काडी मोजावी इतकी स्पष्ट. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, मास्तर. डॉक्टरांनी सांगून दोन वर्षं झाली. ऑपरेशनची धास्ती वाटते, म्हणून आज-उद्या करतोय. फोटो पाहून काकू म्हणाल्या, "खुर्ची छान आलीय रे. तिलाच हार घाला." त्या हसल्या. मी खाली उतरलो आणि बसस्टॉप मागे टाकून पुलापर्यंत तसाच चालत गेलो.

मुलगी वाढदिवसांचे वगैरे फोटो काढते. तिच्या कॅमेऱ्यात आरसाच नाही. काचेला डोळा लावला तरी आत एक छोटा टीव्हीच. ती म्हणते, "बाबा, स्क्रीनवर झूम करा ना, पापणीन् पापणी दिसेल. फोटो कसा येणार ते आधीच कळतं." मी म्हटलं, ते बघणं नव्हे, यंत्र सांगतं ते ऐकणं झालं. ती म्हणाली, "मग द्या काकूंना खुर्चीचा फोटो." दोन मंगळवार मी कॅमेरा न नेताच गेलो. तिसऱ्या मंगळवारी तिचा घेऊन गेलो.

गॅलरीच्या दाराशी उजेड बरा होता. कॅमेरा छातीएवढ्या उंचीवर स्टँडला लावला आणि मी मागे उभा. पडद्यावर काकूंचा डोळा बशीएवढा झाला, बुबुळाभोवतीचं करडं कडं दिसलं, विरळ पापण्या दिसल्या. फोकस झाला. मान वर केली तर काकू माझ्याकडे बघतायत. म्हणाल्या, "आज तुझं तोंड दिसतंय." मग जरा थांबून, "ते माझा फोटो काढायचे तेव्हा मला त्यांचं तोंड कधी दिसलं नाही. डबा दिसायचा. डब्याकडे बघून काय हसायचं?" मास्तर, उणं काढत नाही. पण तुम्ही काढलेल्या काकूंच्या सगळ्या फोटोंत त्या पोलीस स्टेशनात बसल्यासारख्या का दिसतात, ते मला त्या दिवशी कळलं. काकू बोलत राहिल्या. तुम्ही डार्करूममध्ये गाणं म्हणायचात म्हणे, दार लावलं की कोणाला ऐकू जात नाही असं समजून, आणि त्या बाहेर भाजी निवडत ऐकायच्या. वरच्या पट्टीत गेलात की आवाज फाटायचा, हे सांगताना त्यांना हसू आवरेना. मी बटण दाबलं. तेव्हा मी पडद्याकडेसुद्धा बघत नव्हतो, त्यांच्याकडे बघत होतो. तुम्ही असतात आणि विचारलं असतंत, तर पहिल्यांदाच म्हणालो असतो, दिसल्या.

फोटो चांगला आलाय. वरचा एक दात नाही तेही दिसतं, पण काकू आहेत त्यात. हे मी बरोबर केलं की चूक, एवढं मला तुमच्याकडून हवं होतं. लिहिता लिहिता वाटतंय, तुम्ही फार रागावणार नाही.

खरं दुखणं वेगळंच आहे. फोटो फ्रेम होऊन येऊन तीन आठवडे झाले. वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवलाय. काकूंना सांगतो, लॅबचं मशीन बिघडलंय. गेल्या मंगळवारी त्या म्हणाल्या, "लवकर आण बाबा. तेवढ्यासाठीच थांबलेय." त्या थट्टेत म्हणाल्या, मला कळतं. तरी तेव्हापासून मी ते कपाट उघडलेलं नाही.

हे पत्र टाकायचं कुठे, तेही मला ठाऊक नाही. पण जमेल तसं कळवा, लवकर कळवा. मंगळवारी त्या परत विचारतील आणि मशीन अजून किती दिवस बिघडलेलं ठेवू?